पाण्याचे कपडे

एदुविनानं वल्ही खाली ठेवली
आणि नव्या मास्तरांना नखशिखान्त न्याहाळलं.
"सान्तियागोचे ना? दिसतंच आहे.
हा सुती सदरा फळ्यासमोर घाला, होडीत नको.
सूत पाणी पितं,
आणि पोटभर प्यायलं की मिठी मारतं.

ऑक्टोबर लागला, सफरचंदांना मोहोर आलाय,
ऊन पाहुण्यासारखं गोड बोलतंय, खरंय.
पण चिलोएच्या खाडीत कॅलेंडर उशिरा पोचतं.
खाली अजून जुलैच आहे, आमचा गारठ्याचा जुलै.
घाला हात.
कळलं?
हवेकडे बघून कपडे करायचे नसतात,
पाण्याकडे बघून करायचे.

जानेवारीत रुंद काठाची टोपी, हनुवटीखाली बांधलेली;
पाण्यावरून उलटून आलेलं ऊन
नाकपुड्यांच्या आतसुद्धा भाजतं.
जूनमध्ये वर मेणकापड, आत लोकर,
लोकरीच्या आत पुन्हा लोकर.
बूट एक नंबर मोठे,
पडलात तर पायानंच झटकता येतात."

मास्तर हसले.
ती हसली नाही.

फळीखालून तिनं एक स्वेटर ओढला,
मेंढीचा वास अजून न गेलेला,
डाव्या खांद्यावर दोर घासून विरलेला.
"बेलार्मिनोचा. माझा भाऊ.
त्या दिवशी हा खुंटीवरच राहिला.
ऊन होतं."

मग त्यावरून नारिंगी जाकिटाचे पट्टे
तिनं स्वतःच करकचून आवळले.
"मध्ये बसा. हलू नका.
आणि धुऊन परत आणू नका हं तो;
सोमवारी अंगावर दिसू दे."