छाट

जब्बारभाईंनी मला कामावर घेतलं ते हात बघून.
"आऱ्यांच्या मागं जातो का बघ," म्हणाले.
गेला. कोपरापर्यंत.
बावीस वर्षं विड्या वळलेला हात,
अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
आता माझी जागा ठरलेली:
जॅकपाशी, पाटावर, चाक मांडीशी.
बाहेरची बाजू पोरं करतात.
तिथं चमक लगेच दिसते, गिऱ्हाईक फोटो काढतं.
आतली माझी.

आत काय असतं, सांगते.
ब्रेक दाबला की लोखंड झिजतं,
तापलेली भुकटी उडते, ॲल्युमिनियमला चावून बसते.
त्यावर हायवेचं डांबर,
निघालेल्या वजनपट्टीचा जुना गोंद.
ॲसिड मारायचं नाही. घाईवाले मारतात;
पहिल्या दिवशी आरसा, महिन्याभरात खवले.
आधी चाक गार होऊ द्यायचं
(सोलापुरात, मे महिन्यात,
हे एवढं वाक्य म्हणजे अर्धा तास).
मग फवारा. मग नुसतं बसायचं.
राखाडी भिंतीवरून जांभळं पाणी उतरू लागतं,
कुणी आत जांभळं पिळल्यासारखं.
वास असा, की तंबाखूनं मेलेलं माझं नाकही
पहिल्या दिवशी जागं झालं होतं.

शेवटचं पाणी बोरचं नाही.
बोरचं वाळलं की खडू उठतो.
नळ येतो पाचव्या दिवशी;
ते पाणी निळ्या पिंपात, झाकून, चाकांच्या पोटासाठी.
यल्लप्पानं एकदा त्यातलं चहाला घेतलं,
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

पुसायला टॉवेल, सेकंडचे, किलोवर आणलेले.
काठ चुकलेला, नक्षी सरकलेली.
काही आमच्या ह्यांच्या मागावरचे असतात.
ओळखू येतात, डावीकडं एक धागा ढिला.
घरी सांगत नाही.

गेल्या मंगळवारी हिरेमठ डॉक्टरांची गाडी आली.
रात्री हैदराबादला निघायचं होतं, लेकीचं डोहाळजेवण.
"आतून कशाला? आत कोण बघतंय?"
जब्बारभाई म्हणाले, "हमारी अंबुबाई देखती ना, डॉक्टरसाब."

तिसरं चाक.
जांभळं धुऊन निघालं, पुसलं,
एका जागी रेघ राहिली.
पुन्हा फवारा, पुन्हा पुसलं. रेघ.
केसासारखी, काठापासून आत चार बोटं.
नख फिरवलं.
अडकलं.
तेंदूच्या पानाची शीर अशीच लागते नखाला,
लाइट गेलेली असली तरी.

डॉक्टर चिडले. "चमकवायला दिलं होतं,
खोट काढायला नाही."
वाकले. चष्मा वर केला. दिसेना.
मी त्यांचं बोट धरलं, परक्या माणसाचं,
आणि रेघेवरून नेलं.
बोट थांबलं.
दातांचे डॉक्टर ते. पुढं मला काही बोलावं लागलं नाही.
स्टेपनी चढली.
हैदराबादला फोन झाला, सकाळी निघतो म्हणून.

चाक आमच्याकडंच राहिलं.
भंगारवाला भाव सांगून गेला, गुरुवारी नेतो म्हणाला.

विडीच्या ब्रँचला चेकर बसायचा.
हजारातल्या मूठभर उचलून बाजूला फेकायचा: छाट.
त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
का, म्हणून विचारलं की पुढचीला हाक.

हे चाक मी छाटलं. बोट लावून.

रात्री शेड ओढायच्या आधी
कोटिंगच्या बाटलीत तळाला थोडं उरलं होतं,
उघडी बाटली, उद्यापर्यंत घट्ट झालं असतं.
घेतलं कापडावर. आतून लावलं.
एक हात, थांबून दुसरा.
रेघेपाशी जरा हळू.
यल्लप्पा म्हणाला, "अक्का, वेड लागलं का,
हे वितळवणारेत."
म्हटलं, माहितीय.
तू बॅटरी नीट धर.