ओहोटीचं वेळापत्रक

ग्लासगोच्या काउंटरवर टॉर्कुल आधी हार्पचं वजन करतो, मग माझं.
हार्प, खोळीसकट, सोळा किलो.
मी : जो आकडा नवऱ्यालाही कधी सांगितला नाही
तो, लाल दिव्यांत, अख्ख्या रांगेसमोर.
"विमान लहान आहे, बाई," तो म्हणतो,
"त्याला खोटं पचत नाही."

बारा किलो जास्त होतायत. समोरून वारा आहे.
आणि बॅरा बेटावर, जिथे धावपट्टी म्हणजे ओली वाळू,
समुद्र दुपारी अडीचपर्यंतच
जागा मोकळी ठेवणार आहे.
त्यानंतर तिथे मासे उतरतील.

कुणी काही बोलत नाही.
मग इंजिनाचा पंप घेऊन निघालेला एक कोळी,
ओळख ना पाळख,
आपला खोका उचलून बाजूला ठेवतो.
"बोट काय, उद्याही बंदच असेल.
मयत थांबायची नाही."
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
बेटावर सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं :
रुआरीमामा गेला,
आणि भाची त्यानंच केलेली हार्प घेऊन येतेय.

होड्यांच्या शेडमध्ये घडवली त्यानं ही,
वादळात पडलेल्या विलोची.
म्हणून हिची मान वल्ह्यासारखी,
आणि बुडाशी डांबराचा बोटभर डाग.
पुसायचा म्हटलं तर पुसता आला असता.

काल रात्री चौतीस तारा एकेक करून उतरवल्या.
घट्ट ठेवली तर थंडीत तुटते,
फार सैल सोडली तर लाकूडच विसरतं
आपल्याला कशासाठी वाकवलं होतं ते.
किती सोडायचं, कुठे लिहिलेलं नसतं.
गेल्या महिन्यात त्याच्या खाटेपाशीही
मला ते जमलं नव्हतं.
मी लवकर सोडलं. कार्यक्रम होता.

पट्टा खोळीच्या कमरेला.
वैमानिक मागे वळून सूचना देतो, सगळ्यांना, तिलाही.
पंखे फिरू लागतात
आणि खोळीच्या आत कुणीतरी बोलू लागतं.
गुडघा टेकलेला होता म्हणून कळलं :
त्या घरघरीत एक सूर होता,
आणि उतरवलेल्यांपैकी एक तार
नेमकी त्याच सुरावर येऊन बसलेली.
बाकी तेहतीस गप्प.
ती एकटी, मलवरून, कॉलवरून, टायरीवरून,
खाली समुद्र शिशासारखा,
ती आपली एकच अक्षर गिरवत राहिली.
पलीकडची म्हातारी विणकाम थांबवून
माझ्या कानात ओरडली,
"आजारी आहे का कुणी आत?"

चाकांनी पाणी उडवलं. शिंपले कचकचले.
दोन वाजून वीस मिनिटं.

मामा मधल्या खोलीत. पीटचा धूर,
शेजारून आणलेल्या खुर्च्या, कुठलीच कुठल्याशी जुळत नाही.
मी सूर लावायला बसले.
हवा इतकी दमट की एक चढवावी तर दुसरी उतरते,
दुसरीला समजवावं तर पहिली रुसते.
अर्धा तास नुसत्या खुंट्या पिळत होते.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
शेवटी कशाबशा जुळल्या,
मी वाजवायला हात उचलले,
तर मामाचा थोरला भाऊ डोळे पुसत म्हणाला,
"पुरे, पोरी. फार सुंदर वाजवलंस."

मी हात मांडीवर ठेवले.

परवा निघताना, येणाऱ्या विमानातून
तो पंप उतरला. त्याच्यावर एक चिठ्ठी, ओली.
इश्बेलनं हार्प काट्यावर ठेवली : अठरा किलो.
दोघींनी आकड्याकडे पाहिलं.
चेन उघडली. तारांच्या पायथ्याशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेला खारवलेला मासा,
लोकरीचे मोजे, जॅमची एक बाटली.
कशावरही नाव नाही.
मी बाहेर काढायला लागले,
तिनं चेन ओढून घेतली,
वहीत आकडा लिहिला, खरा, अठरा,
आणि खिडकीबाहेर, पताका कुठे ताणलीय ते बघत म्हणाली,
"राहू दे. आज वारा पाठचा आहे."