पाठ टेकून बघा

कोयाइकेच्या आमच्या दुकानात
बूट घालून बघतात तशी
माणसं झोप घालून बघतात.
"पाठ टेकून बघा," मी म्हणते,
"निदान दोन मिनिटं. घाईत सगळंच मऊ लागतं."

मग ती आडवी होतात, माझ्यासारख्या परकीसमोर,
डोळे मिटावेत की नाही ते न कळून
छताकडे बघत राहतात.
तिथे गळतीचा एक डाग आहे.
अकरा वर्षांत मी सोडून सगळ्या गावानं
तो नीट पाहिलाय.

कुशीवर झोपणाऱ्यांना जाड लागतं,
नाहीतर खुबा रात्रभर जमिनीशी भांडत बसतो.
पाठीवर झोपणारे पातळावर भागवतात.
पालथे झोपणारे काही विचारतच नाहीत,
किंमत बघतात आणि नेतात.
सगळ्यांना मी एकच सांगते :
थंडी वरून येते असं वाटतं खरं,
पण पहाटे तीनला
खालची जमीन माणसाला पीत असते,
घोट घोट.

बेलार्मिनो ओयार्सो आला डिसेंबरात,
टोपी हातात धरून.
उन्हाळी कुरणावर निघाला होता मेंढ्यांमागे,
यंदा पुतण्याच्या जीपमधून.
"घोडी विकली," म्हणाला,
"गुडघे गेले. तिचे नव्हेत, माझे."
पन्नासेक वर्षं तो खोगिरावर निजलेला :
खोगीर उशाला, त्यावरची मेंढीची कातडी पाठीखाली,
आणि घोडीच्या घामाचा वास, तो फुकट.
घेणाऱ्याला घोडी सामानासकट हवी होती.
"माझं अंथरूण चार पायांनी चालत गेलं, पोरी.
पैसे मात्र मी मोजून घेतले."

आधी त्याला निळी दिली, हवेची, सर्वांत महाग.
तो वळला. ती कुरकुरली.
पुन्हा वळला.
"वेफर्सच्या पुडीवर निजल्यासारखं वाटतंय.
कुत्रं रात्रभर खाऊ मागेल."
मग आपोआप फुगणारी, चार बोटं जाड.
तिच्यावर तो जरा लाजल्यासारखा पडून राहिला.
"आणि कालाफातेचा काटा लागला तर?
त्याची फळं खाल्ली की माणूस इथे परत येतो म्हणतात.
हवा काही येणार नाही."

मग म्हणाला, नुसती फरशी दाखव.

फरशी मी आजवर कुणाला दाखवली नव्हती.
दोन तंबूंच्या मधली जागा झाडून दिली.
तिथे तो सगळ्यात जास्त वेळ होता,
हात छातीवर, मोजे दोन रंगांचे.
"पूर्वी एवढी कडक नसायची," म्हणाला.

शेवटी पिवळी, फोमची, घडीची,
जी आम्ही दाराशी उभी करून ठेवतो
कारण ती वाऱ्यानं उडाली तरी दुःख नाही.
तिच्यावर तो काहीच बोलला नाही.
मी वळून पाहिलं तर घोरत होता.

सात वाजले. पाटी उलटी केली.
वारा शटरला लाथा मारत होता.
उठवावं तर कसं,
गिऱ्हाईक अजून माल बघत होतं.
मग मीही निळीवर आडवी झाले, बूट काढून,
आणि पहिल्यांदाच तो डाग बघितला.
कशासारखाही नव्हता तो.

जाग आल्यावर त्यानं माझ्याकडे कात्री नाही, सुरी मागितली.
पिवळीवर गुडघ्यापाशी नखानं रेघ ओढली :
"इथून खाली नको.
पाय माझे कायम बाहेरच निजले,
आता त्यांना कशाला सवय लावू?"
पाय बघून त्यानं अंथरूण कापलं,
पैसे पूर्ण दिले,
गुंडाळी काखेत मारून वाऱ्यात निघून गेला.
कुरणावरून उतरला असेल एव्हाना.
इकडे आला नाही.

उरलेली पट्टी गल्ल्याखाली आहे.
जून सरत आलाय. दुकानाची जमीन
सकाळपासून तोंड लावून बसते तळव्यांना,
तिला आता थोडं कमी मिळतं.
मालकीण ओर्तेन्सिया वही घेऊन विचारते,
ही पट्टी कुठल्या मालात धरायची?

मी पाय उचलत नाही.