पट्ट्याशिवाय

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
झुराब एकशेवीस लारी म्हणतो.
नुत्साच्या मुठीत ऐंशीच, घामेजलेल्या नोटा.

ती गिटार डोळ्याशी धरते,
मान वाकलीय का बघते,
पोटावर टकटक करते, कलिंगड घेताना करतात तशी.
भोकाजवळ चीर. तारा गंजलेल्या.
पहिल्या तीन पडद्यांवर खळगे,
पुढे लाकूड कोरं.

“बायकोची. तिला दोनच गाणी यायची,”
तो म्हणतो, “तीच, रोज.”

मग घासाघीस होतच नाही.
तो ऐंशी घेतो, मोजत नाही.
विणलेला पट्टा तेवढा सोडवून
खिशात कोंबतो.

बसमध्ये, वळणावर,
आत काहीतरी खुळखुळतं.
नुत्सा गिटार उलटी करते, हलवते:
बायकी कोटाचं निळं बटण.

थांबा येतो. दार उघडतं,
बराच वेळ उघडं राहतं.
बस सुटते.
मुठीत बटण, नोटांइतकंच घामेजलेलं.