आतील वस्तूचे वर्णन

जीपीओच्या तिसऱ्या खिडकीवर
मेश्रामबाई फॉर्म उलटा करून विचारतात,
'घड्याळच आहे ना जी? मंग चालू का बंद?'
मी म्हणतो, बंद. म्हणजे चालूच आहे,
पण आत्ता बंद.
त्या कूलरकडे पाहतात, मग माझ्याकडे.
'एक काहीतरी सांगा बाप्पा, मागं लाइन आहे.'

मी लिहितो: मनगटी घड्याळ, जुने, नग एक.
एचएमटी कांचन, ऑटोमॅटिक, सेल नाही.
सोनेरी मुलामा डाव्या कोपऱ्यावर उडालेला,
हे त्या रकान्यात मावत नाही.
मागच्या झाकणावर कोरलंय
'चि. दिवाकर यास, १२ मे १९८४',
हेही मावत नाही.

किंमत.
इथे पेन अडतो.
टार्टूहून कालेवने सुचवलं होतं,
भेटवस्तू लिही, आकडा लहान टाक,
आमच्याकडे वरून कर बसतो.
विमा मात्र पूर्ण रकमेचा हवा,
त्यालाही आणि मलाही.
हरवलं तर महाग, पोचलं तर स्वस्त
असं घड्याळ पौनीकरकाकांनी
इतवारीतल्या चाळीस वर्षांत उघडलं नसेल.
खरा आकडा लिहितो.
खाली सही करतो, जरा मोठीच.

दिवाकर कोण, हे काकांनाही माहीत नाही.
एक पोरगा स्टीलच्या डब्यातून
तीन घड्याळी घेऊन आला होता.
'नाव नाही विचारलं मी.
कोनी लग्नातली घडी इकते
तं नाव काहून विचारावं?'

निम्मे पैसे आधी, निम्मे पोचल्यावर,
एवढाच आमचा करार.
मी कालेवला पाहिलेलं नाही, त्याने मला नाही.
पाहिली ती एकमेकांची मनगटं, फोटोत.
त्याचं लव असलेलं, फिकट, भाजल्याची एक खूण.
माझ्यावर पट्ट्याचा गोरा चौकोन,
नागपूरच्या उन्हानं आखलेला.

पार्सल आत गेलं.
आत साबणदाणी, गुलाबी, प्रवासातली,
तिच्यात कापूस, कापसात दिवाकर.
बाहेर आलो तर डांबर मऊ झालेलं.
झिरो माइलच्या दगडावर
शिवनी, छिंदवाडा, बैतूल कोरलंय.
टार्टू नाही.
कोणी कोरावं असंही नाही.

नागपूर. मग मुंबई.
मग अकरा दिवस काहीच नाही.
मी रात्री उठून फोन पाहायचो,
बायको म्हणायची,
'पोरगी होस्टेलले गेली तेव्हा
एवढा जागला नाही तुम्ही.'
खरं होतं.
पोरगी पोचल्याबरोबर फोन करायची.

बाराव्या दिवशी, बुधवारी, कालेवचा निरोप:
उघडलं. चालू आहे.
तू चावी दिली होतीस का?

नव्हती दिली.
आठवडाभर खणात ठेवून
मी ते पूर्ण थांबू दिलं होतं.
म्हणजे कोणीतरी पोतं फेकलं असणार,
पट्ट्यावरून ते घसरलं असणार,
बर्फ नसलेल्या कुठल्या रस्त्यावर
कुठली तरी टपालवाली सायकलवरून हिसके देत गेली असणार,
आणि आतला अर्धचंद्र
प्रत्येक हिसक्याला थोडा थोडा फिरला असणार.
कोणाच्याही हाताशिवाय
ते कितीदा चाललं, कितीदा थांबलं,
त्याचा हिशेब ट्रॅकिंगमध्ये नाही.

कालेव लिहितो,
चार वीस दाखवतंय.
ना तुझी वेळ, ना माझी.
आणि तारखेशेजारी हे काय आहे,
चित्र की अक्षर?
मी फोटो मोठा करून पाहिला: शनि.
लिहिलं, शनिवार.
तो म्हणाला, आज रात्री नीट लावत नाही.
असू दे तसंच.

उरलेले पैसे सकाळी आले.

परवा पुन्हा तिसरी खिडकी.
या वेळी पायलट, काळ्या तबकडीचं, पोर्तुगालला.
मेश्रामबाई न बघताच विचारतात,
'चालू का बंद?'
मी म्हणतो, माहीत नाही जी,
रस्त्यात ठरते.
त्या धाडकन शिक्का मारतात.
डबी हातातच होती माझ्या,
आत काहीतरी
किंचित हललं.