डब्याखालची हवा

डिसेंबर. बिजौलीच्या पुढे, जिथे बेहड सपाट केला,
तिथे हबशी मोहरी उभी आहे कमरेएवढी.
हिच्या तेलाची फोडणी होत नाही.
हिचं तेल विमानं पिणार आहेत.

माझं काम साधं:
मातीत रुतवलेल्या चौकटीवर डबा उपडा घालायचा,
घड्याळ लावायचं,
दर पंधरा मिनिटांनी रबरी बुचातून सुई खुपसून
हवा ओढायची. बाटलीवर लिहायचं:
प्लॉट सात, युरियानंतर तिसरा दिवस, थंडी फार.
आई छावणीतल्या शेजारणींना सांगते,
"आमची शुभदा हवा भरते."
तशी ती खोटं बोलत नाही.

मातीही श्वास सोडते. युरिया खाल्ला की जरा जास्तच.
त्या वायूला रंग नाही,
आणि एकदा वर गेला की शंभरेक वर्षं हलत नाही.
तो मी खर्चाच्या बाजूला लिहिते.
जमेला: पानांनी आत ओढलेलं,
आणि जमिनीतून न उपसलेलं खनिज तेल.
वजाबाकी होते. उत्तर बऱ्याचदा चांगलं येतं.
ट्रॅक्टरचं डिझेल धरलं की थोडं उतरतं,
तरी चांगलंच.

रामहेत गुर्जर बांधावर उकिडवा बसतो.
डब्याजवळ ओढू नका म्हटल्यावर
बिडी विझवून कानावर ठेवतो.
त्याच्या शेळ्या आता हायवेच्या कडेला चरतात.
"बाई, काय सापडलं?"
मी सांगते. तो सगळं ऐकून घेतो.
"आणि बुलडोझर फिरला त्या दिवशी
डबा कुणी ठेवला होता?
करील होते इथे, हिंगोट होते, बोरी होत्या,
मुळ्या दोन-दोन पुरुष खोल.
तो श्वास कुठल्या बाटलीत भरला?"

वजाबाकीत हातचा घ्यायचा राहिला
की शाळेत गुरुजी नुसतं बघायचे,
तसा तो बघत होता. रागानं नव्हे.

फॉर्मवर तो रकाना आहे.
छापूनच येतो:
पूर्वीचा वापर, पडीक.

महाराजपुऱ्याहून विमान उठलं.
शेळ्यांनी माना वर केल्या नाहीत, आम्ही केल्या.
पंचेचाळीस मिनिटं. चौथी सुई.
डबा उचलला तेव्हा आतल्या बाजूला दव धरलं होतं
आणि एक मुंगी, गोंधळलेली.

'पडीक'वर पेन टेकवलं.
थंडीनं शाई उतरेना, असं म्हणू या.
रामहेतनं ते माझ्या हातातून घेतलं,
दोन्ही तळव्यांत घोळलं, लोकर वळावी तसं,
आणि गरम करून
परत दिलं.