सुटे

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या फाटकाशी
झेरॉक्सवाला आणि नोटरी यांच्या मधल्या
साडेतीन फुटांत माझं टेबल आहे.
इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी,
पानाला दीडशे, शिक्क्याचे वेगळे.

मंगळवारी रेहाना तांबोळी आल्या,
कोंढव्याहून, दोन बस बदलून.
मुलगा येरवड्यात. सात महिने.
वकिलानं दिलेल्या कागदावर, चौथ्या ओळीत,
एक शब्द होता : लिबर्टीज.
मी टाइप केलं : स्वातंत्र्ये.
संगणकानं लगेच खाली लाल नागमोडी ओढली.

त्याचंही बरोबर आहे.
आपल्याकडे स्वातंत्र्य एकवचनीच असतं,
रामासारखं.
ऑगस्टात येतं, कडक इस्त्रीत,
आणि जिलबी संपायच्या आत घरी जातं.
त्याला मात्रा देऊन त्याचं अनेकवचन केलं
की नूतन विद्यालयातल्या कानिटकर बाईंचा खडू
अजून माझ्या कानाजवळून जातो.

मग दुसरे शब्द काढून बघितले.
मुभा : दिसायला छान,
पण खुर्चीत कुणीतरी बसलेलं लागतं,
त्याशिवाय हा वाक्यात उभाच राहत नाही.
सवलतीला वयाचा दाखला जोडायचा असतो.
सूट लक्ष्मी रोडवर मिळते, आषाढात,
गेल्या दिवाळीतल्या मालावर.
मोकळीक आमच्या घरीच होती.
मुलींना आम्ही पूर्ण मोकळीक दिली आहे,
असं वडील आल्यागेल्याला सांगायचे
आणि आई पोह्यांच्या बश्या घेऊन
दारात थांबायची,
वाक्य संपेपर्यंत.

लिबर्टी तेवढी सदाशिव पेठेत घेतात.
कुणी दिल्याचं ऐकलेलं नाही.
'जरा जास्तच लिबर्टी घेतो हं तो,'
पहिल्या मजल्यावरच्या घाणेकर मावशी म्हणाल्या होत्या,
पेपरवाल्याबद्दल.
मे महिना होता. पाणी मागितल्यावर
ते येईपर्यंत तो
जिन्याच्या पायरीवर बसला होता.

'काय लिहिलंय त्यात?' रेहानाबाईंनी विचारलं.
स्वातंत्र्य, मी म्हटलं. पण एकाहून जास्त.
'किती?'

मला हा प्रश्न व्याकरणाचा वाटत होता.
त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागल्या.
रात्री आपल्या हातानं दिवा घालवायचा.
तिथे तो जळतच राहतो म्हणे.
दार आतून लावायचं.
आईचा फोन आला की कट करायचा.
स्वारगेटला जायचं उगीच,
कुठल्याच गाडीत न बसता
भेळ खाऊन परत यायचं.
'नखं,' त्या म्हणाल्या,
आणि पुढे काही बोलल्या नाहीत.
पेरं अजून बरीच उरली होती.

मी ती लाल रेघ तशीच ठेवली.
छापताना ती येत नाही.

पैसे द्यायला त्यांनी रुमालाची गाठ सोडली.
पाचशेची एकच नोट, चार घड्यांची.
माझ्याकडे सुटे नव्हते.
झेरॉक्सवाल्याकडे नव्हते, नोटरी तर जेवायला गेलेला.
'बघा ना कुठे मिळतात का,' त्या म्हणाल्या,
'ही नोट दाखवली की कंडक्टर खाली उतरवतो.
सकाळी उतरवलं.'

मी नोट घेऊन उठले.
रसाच्या गाडीपाशी नाही म्हणाले,
स्टॅम्पवाला नुसता हसला.
सुटे, सुटे, असं विचारत
काळ्या कोटांच्या गर्दीतून जाताना
तो शब्द हळूहळू
माझ्या तोंडात भलताच काहीतरी होत गेला.
शेवटी केळीवाल्या शेवंताबाईनं
नोट उन्हात धरून बघितली
आणि डालीखालून काढून मोजून दिले :
शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन,
बाकी दहाच्या नोटा, मळकट, मऊ,
आणि वर, न मागता, दोन केळी.

परत आले तेव्हा रेहानाबाई माझ्या खुर्चीत होत्या.
चपला काढून ठेवलेल्या.
टेबलावरचा पंखा त्यांनी,
मला न विचारता,
स्वतःकडे वळवून घेतला होता
आणि डोळे मिटले होते.

मी उभी राहिले.
दीडशे बाजूला काढले,
उरलेले पुन्हा एकदा मोजले,
आवाज न करता.